ओळीतली नांगी

१

खाडीचं काम घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतं. ओहोटी लागली की निघायचं आणि भरती अंगावर यायच्या आत परतायचं. वहिनीला हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरात शेगडीवरचं दूध उतू गेलेलं तिला कळत नसे, पण पाणी कधी फिरलं ते ती पाठमोरी उभी राहून सांगत असे.

तिला सगळे वहिनीच म्हणत. खरी वहिनी ती एकट्या लंबूची. पण कामावर रुजू झाली त्याच दिवशी या धाकट्या दिराने सगळ्या चिखलभर ऐकू जाईल अशी ‘वहिनी’ म्हणून हाक मारली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिच्याहून वयाने मोठे असलेले केंद्रावरचे साहेबसुद्धा मग तिला वहिनीच म्हणू लागले.

लंबू नावाप्रमाणेच होता. दारातून आत येताना वाकायचा आणि तरीही अधूनमधून कपाळमोक्ष करून घ्यायचा. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा तो शर्टाची बटणं वरखाली लावणारा शाळकरी पोरगा होता. नवरा बोटीवर, वर्षातून एकदा पाहुण्यासारखा उगवणारा. सासूबाईंची नजर अधू. लंबूच्या गोवरात जागली ती वहिनी, त्याच्या नापासाच्या निकालावर सही ठोकली ती वहिनीने. आपल्याला मूल झालं नाही याचं दुःख तिने फारसं केलं नाही, कारण ते करायला या पोराने सवडच ठेवली नव्हती. बोलून दाखवायची नाही, पण तिचा सगळा जीव त्या ताडमाड देहात होता.

नदी समुद्राला मिळते तिथं दोन्ही अंगांना बांध आणि मधे ओहोटीला उघडा पडणारा लांबरुंद चिखल, अशी ती जागा. भरतीचा मार बांधाला बसू नये म्हणून या चिखलात तिवराची रोपं लावायचं काम चाललं होतं. केंद्र म्हणजे बांधावरची पत्र्याची शेड, आत एक टेबल नि एक कुरकुरणारा पंखा, आणि शेडमागे काळ्या पिशव्यांतून वाढवलेली रोपं. वहिनी रोपं वाढवायची. लावायची ती दोघं मिळून. प्रत्येक रोपाशेजारी एक काठी रोवायची आणि काथ्याने रोप तिला बांधायचं, आठाच्या आकड्यासारखं: एक वेढा काठीला घट्ट, दुसरा रोपाला सैल, आत दोन बोटं जातील एवढा. ही गाठ वहिनीची स्वतःची. रोपाला आधार असावा पण काच नसावा, असं ती म्हणे.

रोपं मरतात. ओळीतलं रोप मेलं की जी जागा रिकामी पडते तिला नांगी म्हणतात, आणि तिथं नवं रोप लावणं म्हणजे नांग्या भरणं. शेतातही हाच शब्द. पाण्याकडच्या शेवटच्या ओळीत मात्र काही केल्या रोपं धरेनात. तिथं कधी झाडच नव्हतं, तो पक्ष्यांचा चरायचा चिखल होता. हे साहेबांना माहीत होतं, वहिनीलाही माहीत होतं. पण नकाशात ओळ तिथपर्यंत होती आणि पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार. नांग्या भरता भरता रोपंच संपत आली, तेव्हा साहेबांनी हात टेकले.

“त्या शेवटच्या ओळीच्या नांग्या राहू द्या आता,” ते म्हणाले.

वहिनीने राहू दिल्या. अर्धवट सोडलेलं काम तिला रुचत नसे, पण त्या दिवशी कंबर फार दुखत होती.

२

काठी पहिल्यांदा लंबूला दिसली.

“वहिनी, शेवटच्या ओळीतली नांगी कुणी भरली?”

“तुमच्या भुताने.”

“मग त्याला कामावर घे बाई. आपल्यापेक्षा सरळ लावलीय.”

वहिनीने मान वर केली. शेवटच्या ओळीत बरोबर रिकाम्या जागी एक काठी उभी होती. इतर काठ्या गुडघ्याएवढ्या आणि ही चांगली कमरेच्या वर. कोळ्यांनी जाळ्यासाठी रोवली असेल, तिने मनाशी म्हटलं. पण कोळी आपली काठी ओळीत कशाला लावतील? शेजारच्या रोपापासून जेवढं अंतर ठेवायचं तेवढंच अंतर कशाला ठेवतील?

दोघं फळ्या टाकत टाकत तिथवर गेली. ओहोटीचा चिखल कधी गप्प नसतो. त्यातले खेकडे, शिंपले, भोकाभोकांतून निघणारी हवा, या सगळ्यांची मिळून एक बारीक चुरचुर सारखी चालू असते. ती चुरचुर काठीच्या आसपास नव्हती. वहिनीला आधी वाटलं आपल्या कानात पाणी गेलं. तिने करंगळीने कान हलवून पाहिला. मागच्या ओळीत चुरचुर होती, इथं नव्हती.

काठी बांबूची नव्हती. फार दिवस पाण्यात पडलेल्या लाकडासारखी काळी नि गुळगुळीत होती. तिला कसल्याशा पिळलेल्या तंतूंची दोरी बांधली होती, आठाच्या आकड्यासारखी. एक वेढा काठीला घट्ट. दुसरा सैल, रिकामा.

वहिनीने त्यात बोटं घालून पाहिली. दोन गेली.

“भाऊजी, हा चावटपणा तुमचा आहे ना?”

“माझी गाठ कधी सुटल्याशिवाय राहिलीय का?” लंबू म्हणाला, आणि ते खरं होतं. इतकी वर्षं शिकवूनही त्याला ती गाठ नीट जमत नसे. “खाडी तुझं बघून बघून शिकली बघ, वहिनी. आता मला नोकरीवरून काढणार ती.”

वहिनी हसली. घरी गेल्यावर भांडी घासताना तिला उगीचच त्या सैल वेढ्याची आठवण झाली. तो कशाचीतरी वाट बघत असल्यासारखा दिसत होता, आणि ही काय खुळ्यासारखी कल्पना म्हणून तिने नळ मोठा सोडला.

३

पुढे काही दिवसांनी त्या वेढ्यात बगळा होता.

बांधावरून पाहिलं तेव्हा तो चरायला उतरलाय असं वाटलं. पण माणसं जवळ आली तरी उडेना. वहिनी सगळ्यात पुढे होती. बगळा दोन्ही पाय चिखलात खोल घेऊन ताठ उभा होता, आणि मानेखाली, छातीभोवती, तो सैल वेढा. जिवंत होता. डोळ्यांची उघडझाप करत होता. त्याला ना भीती, ना धडपड.

त्या दिवशी साहेबही शेडवर होते. साहेब एरवी दुर्बीण घेऊन बांधावरूनच उंटावरून शेळ्या हाकायचे, पण माणूस वाईट नव्हता. वहिनीने हाक मारली तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बिचारे खरोखर चिखलात उतरले.

“दोरीत अडकलाय,” त्यांनी निदान केलं. “पक्षी अडकला की सुरुवातीला झटापट करतो, मग दमून असा बधिर होतो. कापा दोरी.”

ऐकायला बरं वाटलं. वहिनीलाही तेच हवं होतं, कुणीतरी शहाण्यासारखं बोलायला हवं होतं. लंबूने कोयता लावला, दोरी तुटली. बगळ्याने पंख किंचित उघडले आणि मिटले. जागचा हलला नाही.

“येईल भानावर,” साहेब म्हणाले. “चला, पाणी फिरेल.”

परतताना वहिनीने दोनदा मागे वळून पाहिलं. पंखांचा पांढरा रंग तेवढा दिसत होता. भरती आली, चढली, उतरली. दुसऱ्या दिवशी बगळा तिथंच होता आणि दोरी पुन्हा बांधलेली होती. या खेपेला साहेबांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि बराच वेळ दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. मग त्यांना वरच्या कचेरीतल्या बैठकीची आठवण झाली. बैठक लांबली असावी, कारण साहेब त्यानंतर शेडवर फिरकले नाहीत.

“उडून गेला असता तर बरं झालं असतं,” वहिनी म्हणाली.

“कशाला?” लंबू म्हणाला. “बघ की, मजेत आहे.”

तेच तर तिला बघवत नव्हतं.

४

शेडवर एक काळा कुत्रा पडून असायचा. त्याला डांबऱ्या म्हणत. राखण करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. चोर आला असता तर त्याने शेपूट हलवून त्याला रोपं मोजून दिली असती. लंबूवर त्याचा जीव आणि लंबूचा त्याच्यावर.

एका सकाळी डांबऱ्या दाराशी नव्हता. लंबूने शिट्ट्या घातल्या, भाकरीचा तुकडा हलवला. मग त्याने ओळीकडे पाहिलं आणि तुकडा टाकून धावतच सुटला, फळ्यांचीही वाट न बघता. वहिनी मागून ओरडत राहिली.

शेवटच्या ओळीत दुसरी नांगी भरली होती. काठी नवी, पहिल्यापेक्षा जाड. डांबऱ्या मागच्या दोन पायांवर उभा होता, पोटाशी वेढा, पुढचे पाय छातीशी जुळवलेले. लंबूला बघून त्याने शेपूट हलवली. एवढंच. कुईकुई नाही, ओढ नाही.

“खेचू नका भाऊजी,” वहिनी धापा टाकत पोचली, “आधी भोवतीचा चिखल काढा—”

पण लंबू कुठला ऐकतोय. चप्पल फेकून तो त्या चिखलात मांड्यांपर्यंत रुतून उभा राहिला होता, कुत्र्याला छातीशी धरून वर उपटत होता. चिखलाने आधी सोडलं नाही. मग काहीतरी तुटल्याचा आवाज आला. मुळं तुटतात तेव्हा येतो तसाच तो आवाज होता. वहिनीने आयुष्यात हजारो रोपं काढली होती, त्यात तिची चूक होणं शक्य नव्हतं. डांबऱ्या तेव्हा पहिल्यांदा ओरडला.

चिखलातल्या खड्ड्यात पांढरे बारीक तंतू राहिले होते. वहिनी बघत असताना ते हळूहळू आत ओढले गेले. पाणी आत झिरपताना तसं दिसतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

डांबऱ्या संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. पायांच्या जागी रक्त थांबतच नव्हतं. लंबूने त्याला बांधामागे पुरलं आणि लहान मुलासारखा रडला. वहिनीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“पाय धुवा भाऊजी. केवढा चिखल लागलाय.”

“वहिनी,” तो नाक पुसत म्हणाला, “तिथं उभा होतो ना, तेव्हा खालून कुणीतरी पायांचं माप घेत होतं. शिंपी घेतो ना, तसं. हलक्या हाताने.”

तो हसेल म्हणून ती थांबली. तो हसला नाही.

५

लंबूच्या पायांना खाज सुटली. चिखलात काम करणाऱ्याला ती सुटतेच, म्हणून पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. मग तो न्हाणीघरात जास्त वेळ काढू लागला. आतून पाण्याचा आवाज येत नसे, बादलीचा नसे, गाण्याचा नसे. दार लोटून पाहिलं तर हा पठ्ठ्या मोरीच्या तोंडावर पाय ठेवून, नळाला टेकून उभा.

“अहो, बाहेर या. मोरी काय बसायची जागा आहे?”

“बसलोय कुठं? उभा आहे.”

“जेवण निवतंय.”

“भूक नाही. वहिनी, थोडं मीठ देतेस? या पाण्यात टाकायला.”

मोरीतून मधूनच गुडगुड ऐकू येई. ती भरतीच्या वेळी ऐकू येते हे वहिनीच्या ध्यानात आलं, आणि मग तिने ते ध्यानातून काढून टाकलं. घर खाडीजवळ असलं की असायचंच.

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, “धाकट्याची पावलं ऐकू येत नाहीत गं हल्ली. आधी कशी दाणदाण चालायचा.”

वहिनीने त्या दुपारी लंबूला ओसरीवर बसवलं, पाय मांडीवर घेतला. शाळेतून काटा घेऊन यायचा तेव्हा घ्यायची तसाच. बोटांच्या बेचक्यांत पांढरे धागे होते. काथ्याचे असतील. तिने एक चिमटीत धरला आणि ओढला.

लंबू असा ओरडला की सासूबाई धडपडत उठून बसल्या. धाग्याच्या टोकाला रक्ताचा थेंब होता. धागा वहिनीच्या चिमटीत क्षणभर वळवळला आणि सुकला.

“काय झालं? काय झालं गं?”

“काही नाही, आई. काटा होता.”

वहिनीने तो सुकलेला धागा मुठीत मिटला. लंबूने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे पाण्याने भरले होते, पण चेहरा शांत होता. त्या शांतपणाचीच तिला सगळ्यात जास्त धडकी भरली, कारण तो तिने आधी दोनदा पाहिला होता.

६

डॉक्टरांनी पाय दिव्याखाली धरले, भुवया उंचावल्या आणि बुरशी आहे म्हणून सांगितलं. मलम दिलं. पाय कोरडे ठेवा, पाण्याला लावू नका, बजावून सांगितलं. बोलणं ठाम होतं, दवाखाना स्वच्छ होता, आणि वहिनीला परतताना इतकं हलकं वाटलं की तिने वाटेत लंबूसाठी नवे मोजे घेतले.

तिने डॉक्टरांचा शब्द तंतोतंत पाळला. न्हाणीघराला कडी घातली. पाय पुसून, मलम लावून, मोज्यांत घालून ठेवले. लंबूने विरोध केला नाही. तो नुसता सुकत गेला.

आधी ओठ फुटले. मग हातांची कातडी सैल पडली, चिमटीत धरली तर तशीच राहायची. पाणी पाजलं तर घशाखाली उतरेना. उंच माणूस वाळला की जास्तच लांब दिसतो. तो खाटेवर पडायचा तेव्हा पाय बाहेर लोंबत आणि मोज्यांची टोकं जमिनीच्या दिशेने सारखी ताणलेली. डॉक्टर दुसऱ्यांदा आले, त्यांनी सलाइन लावलं. ते पाणीही त्याच्या अंगी लागलं नाही. “मोठ्या इस्पितळात हलवा,” ते म्हणाले, आणि तिथं तरी काय होईल हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

वहिनीला ते दिसणं ओळखीचं होतं. पिशवीतून काढून उन्हात विसरलेलं रोप असंच दिसतं. ती हे मनात येऊ देत नव्हती. माणूस आणि रोप यांचा काय संबंध, असं ती स्वतःला दरडावत होती. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. शेवटी ती उठली, कळशी घेऊन खाडीवर गेली, आणि ते गढूळ, खारं पाणी बादलीत ओतून तिने लंबूचे मोजे काढले.

पाय बादलीत गेले. थोड्या वेळाने त्याच्या गालांवर रंग आला. डोळे उघडले.

“वहिनी,” तो म्हणाला, अगदी आपल्या नेहमीच्या आवाजात, “मोजे फार टोचत होते गं.”

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. आठवडाभर बादली चालली. रोज नवं पाणी, थोडा चिखल. सासूबाईंना वाटे, औषधी काढा आहे. मग एका सकाळी पाणी बदलायला तिने लंबूचे पाय उचलले, तर बादलीच उचलली गेली. मुळं आत गोल गोल फिरून, एकमेकांना आवळून, बादलीचा आकार घेऊन बसली होती. आणि लंबू पुन्हा पांढरा पडायला लागला होता.

पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचं काय होतं हे वहिनीला कुणी शिकवायची गरज नव्हती. मुळं स्वतःलाच गळफास लावतात. मग दोनच वाटा उरतात. टाकून द्यायचं, नाहीतर लावायचं.

७

शेवटच्या ओळीत तिसरी काठी बऱ्याच दिवसांपासून उभी होती. वहिनी पाणी आणायला गेली की तिच्याकडे बघायचं टाळायची. सगळ्यांत उंच काठी होती ती. कुणाच्या उंचीची, हे बांधावरूनही कळत होतं.

तिला राग आला होता. खाडीचा आला होता, साहेबांचा आला होता, आणि त्या दिवशी दुखणाऱ्या स्वतःच्या कमरेचा आला होता. पण राग करत बसायला वेळ नव्हता, सकाळची ओहोटी लागली होती.

“दवाखान्यात नेते,” तिने सासूबाईंना सांगितलं.

म्हातारीने चाचपडत लंबूचा हात शोधला, तो आपल्या गालाला लावला. “चादर घे बरोबर. त्यांच्याकडे फार थंडी असते.”

वहिनीने चादर घेतली.

रोपं न्यायची हातगाडी होती, तिच्यावर तिने त्याला बसवलं, पाय ओल्या गोणपाटात गुंडाळून. लंबूचं वजन ते काय उरलं होतं. बांधाच्या रस्त्याला दोनचार माणसं भेटली, त्यांनी विचारलंही, आणि ती बरं नाही म्हणाली. चिखलात फळ्यांवरून तिने त्याला पाठुंगळीला घेतलं. लहानपणी घ्यायची तेव्हा तो तिच्या कानात ओरडायचा. आता गाल तिच्या खांद्यावर टेकून गप्प होता.

बगळ्याजवळून जाताना तिने पाहिलं. तो आता बगळा म्हणून ओळखू येत नव्हता, एवढंच.

काठीपाशी चिखल मऊ होता, जणू कुणी आधीच खणून ठेवलेला. आवाज नव्हता. वहिनीने गुडघे टेकले, बादलीच्या आकाराची ती मुळं बोटांनी हलक्या हाताने सोडवली, एकही तुटू न देता. सगळ्या जन्मात इतकं जपून तिने काही केलं नव्हतं. मग तिने त्याला उभा केला. चिखल त्याच्या घोट्यांवर आला, पोटऱ्यांवर आला, आणि थांबला.

“दुखतंय?”

“नाही गं.” त्याने मोठा श्वास घेतला. “वहिनी, किती बरं वाटतंय.”

“भाऊजी, मी तुम्हाला घरी नेते. आत्ता. तुम्ही नुसतं ‘चल’ म्हणा, मी काय वाटेल ते करीन.”

तो वाऱ्याने किंचित झुकला. आधार लागणार होता. काठीवरची दोरी तिच्या हाताला लागली तेव्हा ती ओली नि कोमट होती. वहिनीने ती उकलली, फेकून दिली, आणि कनवटीचा आपला काथ्या काढला. बांधायचंच तर ते मी बांधीन, असं ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं, किंवा होतं.

एक वेढा काठीला घट्ट. दुसरा त्याच्या छातीला सैल.

पाठीमागे पाणी फिरलं होतं. तिला वळून बघावं लागलं नाही.

८

ती बांधावर बसून राहिली, मांडीवर चादर घेऊन. पाणी त्याच्या गुडघ्यांवर चढलं, कमरेवर चढलं. खांद्यांवर आलं तेव्हा ती उठून धावली आणि पाण्याच्या काठाशी थांबली. उपटला तर काय होतं ते तिने पाहिलं होतं. ठेवला तर काय होतं ते कुणीच पाहिलं नव्हतं. त्या दोहोंच्या मधे ती उभी होती आणि पाणी त्याच्या हनुवटीला लागत होतं. तो तिच्याकडे बघत होता, असं तिला वाटलं. मग केस दिसले, मग काठीचं टोक, मग नुसतं पाणी.

वहिनीने देवाजवळ कधी फारसं काही मागितलं नव्हतं. त्या दुपारी तिने मागितलं, आणि काय मागितलं हे लक्षात आलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. वाचू दे, असं तिने म्हटलंच नव्हतं. धरू दे, असं म्हटलं होतं.

भरती तुंबली, थबकली, उतरायला लागली. ऊन तिरकं झालं. आधी काठीचं टोक वर आलं. मग केस, कपाळाला चिकटलेले. मग चेहरा, मिटलेले डोळे, तोंडातून पाण्याची धार. वहिनीने श्वास रोखून धरला.

लंबूने डोळे उघडले.

तिच्या तोंडून हुंदका फुटला. जिवंत होता, तिचा होता, तिने आणला होता त्याला यातून. पाणी छातीखाली गेलं तसा त्याने उजवा हात वर केला, बोटं पसरून, थेट तिच्या दिशेने. वहिनीने चादर उंच धरून हलवली, जीव खाऊन हलवली, “भाऊजी! मी इथंच आहे! भाऊजी!” असं ओरडत. सूर्य तिच्या पाठीशी होता आणि तिची सावली लांबवर पाण्यात पडली होती.

ती हाका मारत बांधावरून पुढे चालत गेली, त्याच्या समोर यावं म्हणून. ती सरकली, पण हात सरकला नाही. तळवा होता तिथंच राहिला, मावळत्या उन्हाकडे उघडा. ती उभी राहून बघत राहिली. ऊन जसजसं कलत गेलं तसतसा तो हातही, अगदी सावकाश, उन्हामागून कलत गेला.